दुसऱ्या अंकातली रांग तोडू नका

प्रति,
मा. कलासंचालक आणि व्यवस्थापन मंडळ,
पुनरागमनाचा प्रयोग जाहीर केलेली बॅले कंपनी

विषय : नव्या रूपातल्या 'जिझेल'बद्दल एका जुन्या प्रेक्षकाची विनंती

स.न.वि.वि.

तुमच्या कंपनीचं नाव वर मुद्दाम घातलेलं नाही. जे सांगायचं आहे ते तुमच्यासारख्या आणखी बऱ्याच कंपन्यांना लागू पडतं. शिवाय प्रयोग अजून व्हायचा आहे, त्याआधीच चारचौघांत नाव घेऊन बोलणं बरं दिसत नाही.

जाहिरात वाचली. इतक्या काळानंतर पूर्ण लांबीचं बॅले, प्रेक्षागृहात, समोर बसलेल्या माणसांसाठी, आणि तेही 'जिझेल', म्हणजे वेश बदलून आलेला सरदार अल्ब्रेख्ट एका खेडूत मुलीला फसवतो, ती मरते, आणि मेल्यावरही त्याला वाचवते, ती गोष्ट. वाचून मी खुर्चीतून उठलेच. मग खालची ओळ वाचली : संपूर्ण नव्या रूपात, आटोपशीर संचात. परत बसले. 'नव्या रूपात'चं मला काही वाटलं नाही, बसवलं ते 'आटोपशीर'नं.

मी समीक्षक नाही, नर्तकी नाही, देणगीदार तर नाहीच. मी सगळ्यात वरच्या गॅलरीतली प्रेक्षक आहे. सुरुवातीला तिथे बसायचे ती तिकीट स्वस्त म्हणून. आता कोणी पुढच्या रांगेतली खुर्ची फुकट दिली तरी दुसऱ्या अंकाला मी वर जाऊन बसेन. खालून चेहरे दिसतात, मानेवरचा घाम दिसतो, टाचेची रिबीन सुटायला आलीय हेसुद्धा दिसतं. वरून रांगा दिसतात. कोर द बॅले, म्हणजे जाहिरातीत जिचं नाव नसतं अशा नर्तकींचा तो ताफा, खालून पाहिला तर नायिकेच्या मागे लावलेली पांढरी झालर वाटतो. वरून पाहिलं की कळतं, चित्र त्यांनीच काढलेलं असतं, नायिका त्यातून फिरत असते.

तेव्हा विनंती आधीच सांगून टाकते. गोष्ट बदला, काळ बदला, पोशाख बदला, हवा असेल तर शेवटही बदला. पण दुसऱ्या अंकातली विलींची, म्हणजे लग्नाआधी मेलेल्या मुलींच्या भुतांची, रांग तोडू नका, आणि त्या रांगेला पाऊल टाकायला जे सूर लागतात ते वाजवणारी माणसं रंगमंचासमोरच्या वाद्यवृंदाच्या खड्ड्यातून उठवू नका.

बदलाविरुद्ध माझी काही तक्रार नाही, हे जरा विस्तारानं सांगायला हवं, कारण असं पत्र आलं की लिहिणारी सोवळ्यातली आहे असं धरून चालतात. 'मूळ जिझेल' नावाची वस्तू कुठल्या कपाटात कुलूपबंद नाही. १८४१च्या जूनमध्ये पॅरिसच्या ऑपेरात ते पहिल्यांदा झालं तेव्हाच त्यात बऱ्याच हातांची सरमिसळ होती. कल्पना फ्रेंच कवी थिओफिल गोतिएची, तीही जर्मन कवी हाइनेनं लिहिलेल्या विलींच्या दंतकथेवरून सुचलेली. संहितेत सेंट-जॉर्जचा हात. नृत्यरचना ज्याँ कोरालीच्या नावावर, पण पहिली जिझेल कार्लोटा ग्रिसी, तिची नृत्यं ज्यूल पेरोनं बसवली होती. संगीत आदोल्फ आदामचं, आणि तरी पहिल्या अंकातलं शेतकरी जोडीचं नृत्य बुर्गम्युलरच्या सुरांवर. एका नर्तकीला चमकायला जागा हवी होती म्हणून ते आत घुसवलं, आणि अजून तिथेच आहे.

पुढे तर मजाच झाली. १८६८नंतर पॅरिसनंच 'जिझेल' टाकून दिलं. ते जगलं सेंट पीटर्सबर्गमध्ये, मारियुस पेतिपाच्या हाताखाली. त्यानं वेळोवेळी डागडुजी केली, आणि आज आपण ज्याला परंपरा म्हणतो त्यातला मोठा भाग ही त्याची डागडुजीच आहे. १९१० साली द्यागिलेवच्या संचानं कार्साविना आणि निजिन्स्कीला घेऊन ते पॅरिसला परत नेलं. माहेरची मुलगी रशियन होऊन घरी आली म्हणायची. क्रांतीनंतर निकोलाय सेर्गेयेव स्तेपानोव पद्धतीनं टिपलेल्या नृत्यांचे कागद घेऊन रशियाबाहेर पडला, आणि त्या कागदांवरून पश्चिमेत बरीच बॅले नव्यानं उभी राहिली. हे सगळं होत असताना काही गोष्टी गळून गेल्या. आदामनं दुसऱ्या अंकात विलींसाठी एक फ्यूग, म्हणजे एकच धून वेगवेगळ्या सुरांत एकमेकींचा पाठलाग करत येते अशी रचना, लिहिली होती. जिझेलच्या थडग्यावरच्या क्रुसाशी त्या झुंजतात, तिथे. बहुतेक प्रयोगांत ती ऐकूच येत नाही. मूळ शेवटी जिझेल जमिनीत विरता विरता अल्ब्रेख्टला त्याच्या वाग्दत्त वधूकडे, बाथिल्डकडे, जायला सांगते. आपल्याला सवय आहे ती पहाटे एकट्या, हातात फुलं घेऊन उभ्या असलेल्या अल्ब्रेख्टची. म्हणजे ज्याला आपण शुद्ध म्हणतो त्याचा शेवटही बदललेलाच आहे.

तेव्हा खुशाल बदला. मला पाहायचंय ते एवढंच, की बदलताना काय हातात धरून ठेवता.

याआधी ज्यांनी हे बॅले मुळापासून हलवलं त्यांनी काय धरून ठेवलं ते पाहण्यासारखं आहे. स्वीडिश नृत्यरचनाकार माट्स एक (Ek) यांनी १९८२ साली कुलबर्ग बॅलेसाठी केलेल्या 'जिझेल'मध्ये दुसरा अंक मनोरुग्णालयात घडतो. जंगल नाही, पांढरी जाळी नाही, चवड्यांच्या टोकावर उभं राहायचे पॉइंट शूज नाहीत. विली म्हणजे तिथल्या रुग्ण बायका. शेवटी अल्ब्रेख्ट माळावर उघडावाघडा पडलेला असतो आणि ज्याचा त्याच्यावर सगळ्यात जास्त राग असायला हवा तो हिलारियन, जिझेलवर जीव असलेला गावचा वनरक्षक, त्याच्या अंगावर पांघरूण घालतो. १९८४मध्ये डान्स थिएटर ऑफ हार्लेमनं नेमकी उलट वाट धरली. पावलं जवळपास परंपरेतलीच ठेवली आणि गोष्ट नेली लुइझियानातल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या समाजात, जिथे कोणाच्या घराण्याला गुलामीतून सुटून किती पिढ्या झाल्या यावर प्रतिष्ठा ठरायची. सरदार आणि खेडूत मुलगी यांतली जी दरी आपल्याला परीकथेसारखी वाटते, तिला एकदम खरा इतिहास मिळाला. आणि २०१६मध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी अक्रम खान यांनी जिझेलला बंद पडलेल्या कापड कारखान्यातली स्थलांतरित कामगार केलं. रंगमंचभर एक अजस्र भिंत, अलीकडे कामगार, पलीकडे मालक. दुसऱ्या अंकात त्याच कारखान्यात मेलेल्या बायका विली होऊन येतात, हातात लांब काठ्या, चवड्यांच्या टोकावर उभ्या.

तिघांच्या वाटा तीन दिशांना गेल्या, पण घोळका एकानंही सोडला नाही. एकच विली ठेवून भागवता आलं असतं, मुख्य विली मिर्था आहेच की. तसं कोणी केलं नाही, कारण या गोष्टीचा कणाच तिथे आहे. विली म्हणजे लग्न ठरलेल्या आणि बोहल्यावर चढण्याआधी मेलेल्या मुली. त्या रात्री उठतात आणि वाटेत सापडलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. एक जिझेल फसवली गेली तर लोक हळहळतात, तिचं नशीब म्हणतात, घरी जातात. चोवीस जणी एकसारख्या पोशाखात, एकसारख्या मानेनं समोर उभ्या राहिल्या की नशिबाचं नाव घेता येत नाही. तेव्हा मनात येतं ते एवढंच, की या सगळ्या कुठून आल्या? चोवीस वेळा हेच झालं? बारा जणी ठेवल्या तर ते गाणाऱ्यांचं पथक वाटतं. आठ ठेवल्या तर जिझेलच्या मैत्रिणी.

त्या अंकातला तो प्रसंग तुम्हाला मी काय सांगायचा, तुम्ही तो शेकडो वेळा बसवला असेल. तरी वरून तो कसा दिसतो ते लिहिते. दोन्ही बाजूंना विलींचे दोन गट. एक पाय मागे सरळ पसरलेला, धड पुढे झुकलेलं, आणि उभ्या पायावर छोट्या छोट्या उड्या घेत दोन्ही गट समोरासमोर सरकत येतात. मध्यावर आले की एकमेकांच्या फटींतून आरपार जातात. कोणी कोणाला टेकत नाही, कोणी मान वळवून पाहत नाही. शेजारणीचा पाय आपल्या पायाच्या उंचीला आहे की नाही हे डोळ्याच्या कोपऱ्यातून आणि श्वासावरून कळावं लागतं. उभ्या पायाची पोटरी तेव्हा किती पेटते हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. बहुतेक वेळा इथे टाळ्या पडतात. त्या कोणा एकीसाठी नसतात. संबंध संध्याकाळीत निनावी मुलींना मिळालेली ती एकच दाद.

आता महामारीच्या काळाकडे येते, कारण 'पुनरागमन' हा शब्द तुम्ही वापरलाय.

मार्च २०२०मध्ये एकामागून एक नाट्यगृहं बंद झाली. नर्तक घरी गेले आणि ओट्याला, खुर्चीच्या पाठीला, खिडकीच्या चौकटीला धरून रोजचा सराव करू लागले. काही कंपन्यांनी घरोघरी विनाइलच्या जमिनीचे तुकडे पाठवले, कारण फरशीवर उडी मारणं म्हणजे नडगीचं हाड मोडायला निमंत्रण. तरी उड्या नाहीत, गिरक्या जपून, खाली राहणाऱ्यांची माफी मागत. शिकवणारा पडद्यावर, आणि संगीत क्षणभर मागे पडलेलं. त्याच दिवसांत मिस्टी कोपलंड आणि जोसेफ फिलिप्स यांनी १४ देशांतल्या ३२ नर्तकींना घेऊन मरणोन्मुख हंसिणीचं नृत्य तुकड्यातुकड्यांत केलं, अडचणीत आलेल्या नर्तकांसाठी पैसे उभे करायला. मी ते कितीदा पाहिलं त्याचा हिशोब नाही. कोणाच्या मागे पुस्तकांचं कपाट, कोणाच्या मागे बाग. सुंदर होतं. पण प्रत्येकीची चौकट वेगळी होती. ३२ हंसिणी होत्या, पण त्यांचा थवा कुठेच दिसला नाही.

मग नाट्यगृहं किलकिली झाली तेव्हा आधी एकल नृत्यं आली, मग द्वंद्वनृत्यं, आणि त्यातही बऱ्याचदा प्रत्यक्षात एकाच घरात राहणारी जोडपी, कारण एकमेकांना हात लावायची मुभा त्यांनाच होती. नायक-नायिका असे परत आले. सगळ्यात शेवटपर्यंत जी आली नाही ती रांग. चोवीस माणसांनी एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर, घामेजून, एकत्र नाचणं हीच तर त्या काळात सगळ्यात धोक्याची गोष्ट होती. आणि ओट्याला धरून एकटीनं सराव करून जे अजिबात टिकवता येत नाही तेही तेच. गिरकी घरी राखता येते. शेजारीण कधी श्वास घेते ते घरी बसून कसं राखणार?

म्हणून मला वाटतं, तुमच्या पुनरागमनात परत यायचं काही असेल तर ते हे. नायिका मला मोबाइलवरही दिसत होती.

खर्चाचं कळतं. कळत नाही असा आव आणत नाही. कोर म्हणजे इतके पगार, इतके पोशाख, इतके पॉइंट शूज. आणि ते शूज कसले, कापड, कागद आणि खळीचे थर, एका जड भूमिकेत एका रात्रीत मऊ पडून टाकून द्यायचे. वाद्यवृंद म्हणजे आणखी तेवढीच माणसं. तिजोरीत खडखडाट असताना पहिली कात्री इथेच लागणार. फक्त त्या कात्रीला 'नवा दृष्टिकोन' म्हणू नका, एवढंच मागणं आहे. मी हे एकदा भोगलेलं आहे.

कंपनी कुठली ते सोडा. 'स्वान लेक', नव्या रूपात. पडदा वर गेला आणि तळ्याकाठी दहा हंसिणी आल्या. उरलेल्या मागच्या पडद्यावर होत्या, चित्रफितीत. चित्रातल्या हंसिणी समोरच्यांपेक्षा उजळ आणि मोठ्या, त्यामुळे जिवंत मुली त्यांच्या सावल्या वाटायला लागल्या. संगीत ध्वनिमुद्रित. ते द्वंद्वनृत्य तुम्हाला माहीत आहे, एकट्या व्हायोलिनचं, ज्याला पुढे चेलो येऊन मिळतो. हंसिणींची राणी ओडेट राजपुत्राच्या हातात मागे झुकते, तिथे वाजवणारा तिच्याकडे पाहून सूर किंचित लांबवतो, ती उठली की सोडतो. त्या संध्याकाळी ओडेट फार छान झुकली. एका क्षणाचा जास्तीचा तोल तिला सापडला होता, आणि तो तिला ठेवायचा होता. व्हायोलिन पुढे निघून गेलं. ध्वनिफीत थांबत नाही. तिनं तोल टाकला आणि पुढच्या चार मात्रा ती संगीताच्या मागे धावत होती. माहितीपत्रकात या सगळ्याचं वर्णन 'आजच्या काळाशी संवाद' असं होतं. माझ्या शेजारच्या बाई मध्यंतरात म्हणाल्या, "पुढचं घरीच बघू या का?" आणि गेल्या.

कमी माणसांत करणं हे पाप आहे असं मला म्हणायचं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडचं सॅडलर्स वेल्स बॅले गावोगाव हिंडलं ते वाद्यवृंदाऐवजी दोन पियानो घेऊन, आणि त्यातल्या एकावर कंपनीचा संगीतदिग्दर्शक कॉन्स्टंट लॅम्बर्ट स्वतः बसायचा. लोकांना दिसत होतं की दोनच पियानो आहेत आणि का आहेत. आणि ते दोन पियानो नर्तकीसाठी थांबत होते. तुमच्याकडे साठ वादकांचे पैसे नसतील तर बारा आणा. तेही जमत नसेल तर एक पियानो आणि एक व्हायोलिन आणा. आदामचं संगीत त्यात मरणार नाही. पण वाजवणाऱ्याला रंगमंच दिसला पाहिजे.

तीच गोष्ट रांगेची. चोवीस परवडत नसतील आणि सोळाच असतील तर सोळांसाठी रचना नव्यानं बांधा. चोवीसांच्या नक्षीतून आठ जणी उपटून काढल्या की वरून ती भोकं दिसतात. खालून दिसत नसतील कदाचित, आणि निर्णय घेणारी माणसं खाली बसतात, म्हणून सांगते.

त्या सॅडलर्स वेल्सची पुढची गोष्ट मला नेहमी धीर देते. युद्धात लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसचा सार्वजनिक नाचाचा हॉल झाला होता. २० फेब्रुवारी १९४६ला ते पुन्हा उघडलं आणि कंपनीच्या संस्थापक निनेट द व्हल्वांनी तिथला पहिला प्रयोग निवडला 'स्लीपिंग ब्यूटी'चा. शंभर वर्षं झोपलेल्या राजवाड्याची गोष्ट, आणि राजकन्या अरोराच्या भूमिकेत मार्गो फॉन्टेन. निवडीत सूचकता होतीच, पण धाडस जास्त होतं. कापड रेशनवर, ऑलिव्हर मेसेलनं आखलेले दरबारी पोशाख मिळेल त्या तुकड्यांतून शिवलेले. सगळं असं तुटपुंजं असताना त्यांनी बॅले धरलं ते माणसांनी भरलेलं, गावकरी, पऱ्या, दरबारी, सगळा लवाजमा असलेलं. तेही जसंच्या तसं नव्हतं. हारांचं नृत्य फ्रेडरिक अ‍ॅश्टननं नव्यानं रचलं होतं. म्हणजे नवं घालायला ते कचरले नाहीत, पण रंगमंच भरलेला ठेवला.

आणि सगळीच पुनरागमनं अशी सोहळ्याची नसतात, हेही लक्षात आहे. 'कॉपेलिया' पॅरिसला २५ मे १८७०ला आलं. नायिका जुझेप्पिना बोत्साक्की तेव्हा सोळा वर्षांची होती. दोन महिन्यांत फ्रान्स-प्रशियाचं युद्ध पेटलं, नाट्यगृह बंद. सप्टेंबरात नृत्यरचनाकार सेंट-लिओन गेला. शहराला वेढा पडला, देवीची साथ आली, आणि नोव्हेंबरात, सतराव्या वाढदिवशी, ती मुलगी गेली. १८७१मध्ये 'कॉपेलिया' परत सुरू झालं, दुसऱ्या नर्तकीला घेऊन. बाहुलीत जीव आणू पाहणाऱ्या म्हाताऱ्याची ती विनोदी गोष्ट, त्यावर लोक त्या वर्षी कसे हसले असतील असं मनात येतं. तुमच्या संचातही कोणी परत आलेलं नसेल. कोणी निवृत्त झालं असेल, कोणी दुसऱ्या उद्योगाला लागलं असेल. त्यांची जागा भरताना घाई करू नका. नवी मुलगी पावलं आठवड्यात शिकते, रांग शिकायला तिला हंगाम लागतो. एवढ्या खंडानंतर घोट्याची शीरही एकदम पूर्ण भार घेत नाही, हे तुमचे फिजिओथेरपिस्ट मला सांगायची गरज नाही इतकं चांगलं सांगतील. पहिल्याच आठवड्यात दुपारचा आणि रात्रीचा असे दोन-दोन प्रयोग लावलेत, ते मला बरं दिसत नाही.

मग बदलायचं काय? मला विचारलं नाहीये, तरी सांगते, कारण एवढं 'करू नका' म्हटल्यावर ते देणं लागते.

बदल जिथे टोचतं तिथे व्हावा. तमारा रोहो यांनी इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी 'रेमोंडा' नव्यानं केलं, महामारीमुळे लांबत लांबत २०२२च्या जानेवारीत ते आलं. मूळ १८९८चं, धर्मयुद्धांच्या काळातलं. वाट पाहणारी सरदारकन्या आणि तिला पळवू पाहणारा परधर्मी खलनायक. त्यांनी ती गोष्ट क्रिमियन युद्धात नेली, रेमोंडाला रुग्णसेविकेचं काम दिलं, आणि त्या परक्याला खलनायकाच्या साच्यातून बाहेर काढून विचार करावा असा माणूस केला. ग्लाझुनोव्हचं संगीत राहिलं, मोठी समूहनृत्यं राहिली. हात घातला तो नेमका दुखऱ्या जागी. १८७७चं 'ला बायादेर' अजून अशाच एखाद्या शहाण्या हाताची वाट पाहतंय. देवळातली नर्तकी, फकीर, राजा, सगळं कधीच न पाहिलेल्या हिंदुस्थानचं सोंग. आणि त्याच बॅलेत उतारावरून एकेक करत उतरणाऱ्या छायांची ती रांग, जी मी सोंगासकट शंभरदा पाहायला तयार आहे. हा माझा प्रश्न आहे, तुमचा नाही. तुमचं 'जिझेल' आहे.

'जिझेल'मध्ये टोचतं ते मला असं दिसतं. जिझेलची आई बेर्थ पहिल्या अंकात हातवाऱ्यांनी विलींची गोष्ट सांगते : जंगल, रात्र, थडग्यातून उठणाऱ्या मुली, मरेपर्यंत नाच. हा मूकाभिनय हल्लीच्या प्रेक्षकाला कळत नाही म्हणून बरेच जण कापतात. कृपा करून कापू नका, उलट वाढवा. गावातल्या म्हाताऱ्या बाईला विली माहीत आहेत, याचा अर्थ त्यातल्या काही जणी याच गावच्या असणार. बेर्थ सांगते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर चेहरे असतील. तुमच्या नव्या रूपाला सुरुवात हवी असेल तर ही घ्या.

दुसरं, वेडाचा प्रसंग. जिझेल नाजूक काळजामुळे मरते की अल्ब्रेख्टच्या तलवारीनं स्वतःला संपवते, यावर बॅलेची मंडळी वर्षानुवर्षं वाद घालत आली आहेत. ती जंगलात, गावाबाहेर का पुरलेली, हा त्या वादातला जुना मुद्दा. प्रयोग बहुतेक वेळा दोन्ही डगरींवर हात ठेवतो. तुम्ही एक धरा. जे धराल त्यानं दुसऱ्या अंकातलं तिचं थडगंच बदलेल.

तिसरं, हिलारियन. तो दाराआडून ऐकतो, कुढतो, पण खरं तोच बोलतो, आणि विली त्याला तळ्यात लोटतात. खोटं बोललेला अल्ब्रेख्ट पहाटेची घंटा होईपर्यंत टिकतो, कारण जिझेल त्याच्यासाठी उभी राहते. मला हा अन्याय फार आवडतो, खरं सांगायचं तर. तो नीटस करू नका. हल्ली हिलारियनला सरळ दुष्ट करून टाकायची चाल आहे, म्हणजे प्रेक्षकाला अवघडल्यासारखं होत नाही. अवघडू दे की.

आणि बाथिल्ड. २०२२मध्ये युद्धामुळे देश सोडून हेगमध्ये एकत्र आलेल्या युक्रेनी नर्तकांनी लंडनमध्ये 'जिझेल' केलं, अलेक्सेई रातमान्स्की यांनी बसवलेलं. त्यात तो जुना शेवट होता, जिझेल अल्ब्रेख्टला बाथिल्डकडे, जिवंत माणसांकडे, परत पाठवते तो. घर सुटलेल्या माणसांनी करायला 'जिझेल' निवडावं, त्यातही हा शेवट ठेवावा, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. जमवलेला संच, वेगवेगळ्या कंपन्यांतून आलेली माणसं. अडचणींचं कारण सांगायचा अधिकार कोणाला असेल तर त्यांना होता. आणि त्यांनी पूर्ण 'जिझेल' केलं, विलींसकट.

तुमच्या जाहिरातीत नायिकेचं नाव मोठ्या अक्षरात आहे, नायकाचं आहे, नेपथ्यकाराचं आहे, प्रकाशचित्रांच्या तंत्रज्ञांचं आहे. वाद्यवृंदाबद्दल एक शब्द नाही आणि विली किती ते लिहिलेलं नाही. छापून सांगा. सोळा असतील तर सोळा लिहा, एक पियानो असेल तर एक पियानो लिहा. तिकीट काढणाऱ्यानं ते पाहून काढावं. मी काढलेलं आहे. तिसरा प्रयोग, सगळ्यात वरची रांग, मधली खुर्ची. दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला की पहिली काही मिनिटं मी मिर्थाकडे पाहणार नाही, मोजत असेन.

आपली,
वरच्या गॅलरीतली एक प्रेक्षक